हॉपर गरम आहे म्हणजे दाणा सुकला?

पेट प्रीफॉर्म (पेट प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी) काढणाऱ्या अनेक शॉपमध्ये एक समज पक्का बसलाय: हॉपर ड्रायर (मशीनला प्लास्टिकचा दाणा पुरवणाऱ्या हॉपरमध्येच तो गरम हवेने सुकवणारं यंत्र) 160 अंशांवर ठेवला की दाणा सुकतो, आणि मालावर चंदेरी रेघा नाहीत म्हणजे ओल नाही. दोन्ही चूक.

साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच हवा ओढून तापवतो. तापवल्याने हवेतलं पाणी कमी होत नाही. पावसाळ्यात 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना एक किलो हवेत सुमारे 22-23 ग्रॅम बाष्प असतं. हवेतलं पाणी काढून घेणाऱ्या डिह्युमिडिफायरच्या उणे 40 अंश दवबिंदूच्या, म्हणजे अगदी कोरड्या हवेत ते ग्रॅमच्या दशांशाहूनही कमी. पेटला ओल 0.005 टक्क्यांखाली लागते, आणि ओली हवा कितीही तापवली तरी तिथवर नेत नाही.

रेघा दिसत नाहीत, कारण वितळलेल्या पेटमध्ये पाणी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतं आणि त्यातच खर्ची पडतं. प्रीफॉर्म काचेसारखा स्वच्छ दिसतो, पण आयव्ही (साखळ्या किती लांब आहेत ते दाखवणारा आकडा) घसरलेली असते. बाटली पडली की फुटते.

वेळही मोजा. ताशी 30 किलो खप आणि 5 तास सुकवण म्हणजे हॉपरमध्ये 150 किलो दाणा हवाच. 75 किलोचा हॉपर असेल तर दाण्याला जेमतेम अडीच तास मिळतात. तापमान हीटरपाशी नाही, हवा हॉपरमध्ये शिरते तिथे बघा. सुकलेला दाणा उघड्या घमेल्यात ठेवू नका. तो लगेच ओल ओढायला लागतो. प्रीफॉर्मचं ग्राइंडिंग (दळलेला चुरा) थेट हॉपरमध्ये टाकलं तर तापून गोळे होतात, म्हणून हे ग्राइंडिंग आधी क्रिस्टलाइज करून घ्या, म्हणजे तापवून त्याची रचना स्फटिकासारखी होऊ द्या.