अरबी भाषकांच्या संवादातील मौन

अरबी भाषकांच्या संवादातील मौन : अरबी बोलणाऱ्या समाजांत केव्हा गप्प राहावे, केव्हा राहू नये आणि गप्प राहिलेल्याचा अर्थ कसा लावावा, यांविषयीचे संकेत. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत ते सर्वत्र एकसारखे नाहीत. कैरोतल्या कॉफीच्या दुकानातला गलका आणि आखाती देशांतल्या मजलिसीचा, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचा, संथपणा यांत मोठे अंतर आहे. तरी धर्मशास्त्र, म्हणी आणि पाहुणचाराचे रिवाज यांमुळे बराच भाग सामाईक आहे.

मौनासाठी अरबीत मुख्यतः दोन शब्द आहेत. ‘सुकूत’ म्हणजे बोलायचे थांबणे, गप्प असणे. ‘सम्त’ हे त्याहून दीर्घ, मनाने धरलेले मौन. कुराणात मरियम तान्ह्या मुलाला घेऊन लोकांसमोर येते, तेव्हा त्या दिवशी कोणाशीही न बोलण्याचे तिचे व्रत असते आणि त्याला ‘सौम’, म्हणजे उपवास, असा शब्द वापरलेला आहे. ‘बोलणे चांदीचे असेल, तर मौन सोन्याचे’ ही म्हण अरबीत फार प्रचलित आहे. मात्र बसऱ्याचा गद्यकार अल-जाहिज (मृ. 868-69) वाणीच्या बाजूने उभा राहिला. मौनाची स्तुती करायलाही शब्दच लागतात, शब्दांची स्तुती मौनाने करता येत नाही, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे.

मौनाचा सर्वांत बारकाईने विचार केला तो कायदेपंडितांनी. ऑटोमन साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेचे (1869–76) 67 वे कलम सांगते : गप्प राहिलेल्याच्या तोंडी कोणतेही विधान घालता येत नाही, मात्र जिथे बोलणे गरजेचे होते, तिथले मौन हे विधानच होय. शेजारचे घर विकले गेल्याचे कळूनही ज्याने तत्काळ अग्रक्रयाचा, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा, हक्क सांगितला नाही, त्याचा तो हक्क हनफी या कायदेपरंपरेच्या मतानुसार बुडतो. या संपूर्ण विषयाची किल्ली मला या एका कलमात दिसते, कारण रोजच्या व्यवहारातही नेमका हाच प्रश्न असतो : इथे बोलणे गरजेचे होते की नव्हते?

‘अस्सुकूत अलामतुर्रिदा’, मौन हे संमतीचे चिन्ह, ही म्हण मराठी वाचकाला ‘मौनं संमतिलक्षणम्’ची आठवण करून देईल. त्यातला ‘रिदा’ तर आपल्या घरातलाच आहे. फारसीतून येताना त्याची ‘रजा’ झाली आणि त्याच धातूचे ‘राजी’, ‘राजीनामा’ हे शब्दही मराठीत रुळले. म्हणीमागे एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे परंपरेने आलेले वचन, आहे : विवाहाविषयी विचारल्यावर कुमारिका लाजून गप्प राहिली, तर ती तिची परवानगी. पूर्वविवाहितेने मात्र स्पष्ट बोलायला हवे. स्पेनमधील कोर्दोव्याच्या धर्मपंडित इब्न हज्मने (मृ. 1064) तर कुमारिकेची संमती फक्त मौनानेच ग्राह्य धरली. लाजेने मिटलेले ओठ आणि भीतीने मिटलेले ओठ बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून हा नियम मुलीच्या विरुद्ध वापरला जाण्याचा धोका नेहमीच राहिला आहे.

अभिवादनाच्या बाबतीत मौनाला जागाच नाही. ‘सबाह अल-खैर’ (सुप्रभात) याला ‘सबाह अन-नूर’ हे उत्तर ठरलेले. केस कापून आलेल्याला ‘नईमन’ म्हणावे, त्यानेही ठरलेला प्रतिसाद द्यावा. सलामाला उत्तर न देणे हा उघड अपमान. भांडण झाले तरी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये आणि आधी सलाम करणारा श्रेष्ठ, असे हदीस सांगते. म्हणूनच पैगंबरांचा सहकारी काब इब्न मालिक याची कथा अरबी वाचकाच्या काळजाला भिडते. 630 मधील तबूकच्या लष्करी मोहिमेच्या वेळी तो काही कारण नसताना मागे राहिला. पैगंबरांच्या आज्ञेवरून त्याच्याशी आणि आणखी दोघांशी मदिनेत कोणीही बोलेना. नमाजानंतर तो पैगंबरांना सलाम करी आणि उत्तरादाखल त्यांचे ओठ हलले का, हे मनाशी विचारत राही. पन्नास रात्रींनी क्षमा मिळाली.

काही वेळा शब्दांचे काम वस्तू करतात. आखातात पाहुण्याने कॉफीचा रिकामा फिंजान (छोटा कप) हलवून परत दिला, की ‘आता पुरे’. नाहीतर यजमान ओततच राहतो. जॉर्डनमध्ये मुलीला मागणी घालायला वडीलधाऱ्यांची ‘जाहा’, म्हणजे शिष्टमंडळ, जाते. त्यांच्या प्रमुखापुढे कॉफी येते, तो ती तशीच ठेवतो. ‘आधी कॉफी घ्या’ या यजमानाच्या शब्दांत होकार असतो. तो मिळेपर्यंत कपाला ओठ लागत नाहीत.

कुराणपठण चालू असताना ऐकावे व शांत राहावे, असा खुद्द कुराणाचाच आदेश आहे. शुक्रवारच्या प्रवचनात शेजाऱ्याला ‘गप्प बैस’ म्हणणेही गैर मानतात. पठणात ‘सक्ता’ नावाचा थांबा असतो : श्वास न घेता क्षणभर आवाज तोडायचा. हफ्स या पठणपरंपरेत तो चार ठिकाणी येतो. इजिप्तमध्ये मात्र मोठ्या कारींच्या (कुराणपठण करणाऱ्यांच्या) दोन आवर्तनांमधली शांतता श्रोते ‘अल्लाह!’ म्हणत भरून काढतात आणि ती दाद मानली जाते.

शोकप्रसंगी साखर नसलेली कॉफी, पठण आणि मोजके शब्द एवढेच. मृतासाठी हात पसरून पुटपुटत ‘फातिहा’ हा कुराणाचा पहिला अध्याय म्हणणे ही रूढ रीत. मिनिटभर स्तब्ध उभे राहणे हा सरकारी समारंभांतून आणि मैदानांवरून आलेला रिवाज, आणि काही धर्मपंडितांना तो मान्य नाही. जून 2017 मध्ये ॲडलेडला विश्वचषक पात्रता सामन्याआधी लंडनच्या हल्ल्यातील मृतांसाठी मौन पाळले गेले, तेव्हा सौदी संघातील बहुतेक खेळाडू रांगेत उभे राहिले नाहीत. टीकेचे वादळ उठले आणि सौदी फुटबॉल महासंघाने माफी मागितली.