स्क्रॅचबिल्ट स्पोर्ट्स कार : मोजमापापासून प्रिंटरपर्यंत

थ्रीडी प्रिंटरमधून निघालेल्या भागांची मॉडेल मोटार स्क्रॅचबिल्ट, म्हणजे तयार संचाशिवाय शून्यातून बांधलेल्या मॉडेलांच्या गटात बसवायची की नाही, यावर मॉडेलकारांमध्ये गेली काही वर्षं वाद चालू आहे. प्रिंटर नवा असला तरी वाद जुना आहे. १९७० आणि ८०च्या दशकांत तो वेगळ्या साधनांवरून झाला होता, आणि तेव्हा घेतलेली भूमिका आज सगळ्यांना अडचणीची ठरते आहे.

त्याआधीचं थोडक्यात. जहाजांची आणि घोडागाड्यांची लाकडी मॉडेलं पूर्वापार होत आली आहेत. मोटारींच्या बाबतीत १९३० हे साल महत्त्वाचं. अमेरिकेतल्या एका मोठ्या मोटार कंपनीच्या बॉडी विभागाने त्या वर्षी मुलांसाठी मॉडेल स्पर्धा सुरू केली आणि ती १९६८ पर्यंत चालवली. आधी राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करायची असे, पुढे १:१२ प्रमाणात स्वतः कल्पिलेली मोटार, बक्षीस शिष्यवृत्तीचं. त्यातले अनेक जण नंतर मोटार डिझाइनमध्ये गेले. त्या मोटारींत सगळा भर बाह्य आकारावर होता. बॉनेट उचललं की आत कार्ब्युरेटर, पाइप, वायरी दिसल्या पाहिजेत, ही अपेक्षा नंतरची.

ही अपेक्षा वाढवली ती किटांनी, म्हणजे जुळवायच्या तयार भागांच्या संचांनी. १९७६ मध्ये एका जपानी कंपनीने पोर्शेचं १:१२ किट काढलं, त्यासाठी खरी ९११ विकत घेऊन पूर्ण सुटी केली. एवढी बारकाई डब्यात मिळू लागल्यावर शून्यातून बांधणाऱ्याला दोनच वाटा उरल्या : ज्या गाडीचं किट नाही ती निवडायची, किंवा किट पोहोचू शकणार नाही इतकं खोल जायचं. ब्रिटनमधला एक कारागीर १:१५ प्रमाणात जवळपास सगळं धातूत घडवत होता. फ्रान्समधल्या एकाने फेरारी ३१२ पीबी १:३ प्रमाणात केली. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन खरोखर चालतं, आणि या एका गाडीला पंधराएक वर्षं लागली.

या पिढीच्या कामाचं कौतुक बहुधा हाताच्या कौशल्यापुरतं होतं. खरं तर त्यांचा निम्मा वेळ माहिती गोळा करण्यात जायचा. फेरारी २५० जीटीओ घ्या. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २४०० मिलिमीटर, म्हणजे १:१२ मध्ये बरोबर २०० आणि १:८ मध्ये ३००. इथवर सोपं आहे. पण बॉडी हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची, त्यामुळे कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत; एकाच गाडीची डावी-उजवी बाजूही जुळत नाही. काही गाड्यांवर १९६४ मध्ये नव्या धर्तीची बॉडी चढली, काही अपघातानंतर दुरुस्त झाल्या. तेव्हा ‘जीटीओचं मॉडेल’ म्हणून भागत नाही. कोणत्या चासी नंबरची गाडी आणि कोणत्या शर्यतीतली, हे आधी ठरवावं लागतं. मग त्या दिवसाचे फोटो शोधायचे, त्यातही लांबून टेलिफोटोने घेतलेले, कारण जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान दिसतं. व्हीलबेस पट्टी म्हणून धरून बाकीची मापं त्यावरून काढायची, त्यांचे छेद कागदावर उतरवायचे, छेदांवरून लाकडी बक, म्हणजे बॉडीच्या आकाराचा साचा, कोरायचा आणि पत्रा तापवून, नरम करून त्यावर बसवायचा.

आता वादाकडे. ८०च्या दशकात फोटोएचिंग रुळलं. स्पोक, जाळ्या, बिजागऱ्या, ब्रेक डिस्क यांचं चित्र मोठ्या आकारात शाईने काढायचं, ते फोटोने लहान करायचं आणि पितळेच्या पातळ पत्र्यावर ॲसिडने कोरून घ्यायचं. कोरण्याचं काम बहुतेक जण बाहेरच्या कारखान्याला देत. कानस आणि लेथवाल्यांनी तेव्हाच हरकत घेतली : ज्या भागाला तुझा हात लागला नाही तो तुझा कसा? त्यांचं दुखणं समजण्यासारखं होतं. जग्वार ई-टाइपचं बहात्तर तारांचं चाक १:१२ मध्ये करायचं तर रिमचा व्यास जेमतेम ३२ मिलिमीटर. हबला आणि रिमला तिरपी भोकं पाडायची, प्रत्येक तार ओवायची, ताणायची. एक सैल राहिली तरी चाक लंगडतं. आणि असं चाक पाच वेळा, स्टेपनी धरून. एच केलेल्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून शेजारी ठेवल्या की लांबून फरक कळत नाही, आणि स्पर्धेचं टेबल लांबूनच पाहिलं जातं.

तरीही बहुतेक ठिकाणी निर्णय एचिंगच्या बाजूने लागला. चित्र तुझं, तर भाग तुझा. माझ्या मते निर्णय योग्य होता, कारण चाकाचं खरं काम त्या चित्रात आहे : तारा कुठे एकमेकींना छेदतात, हब किती आत बसतो, हे चित्र काढणाऱ्यालाच सोडवावं लागतं. चूक झाली ती पुढे. चित्र कोणाचं हे तपासायचं कसं, ते कुणी नियमात लिहिलंच नाही. दुकानात तयार एच केलेले संच आले आणि स्वतःचं चित्र व विकतचा संच एकाच गटात बसू लागले.

स्टिरिओलिथोग्राफी, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून छापण्याची पद्धत; तिचं पेटंट १९८६ चं, पण घरच्या टेबलावर परवडणारे रेझिन प्रिंटर यायला पुढची तीसेक वर्षं गेली. ते आले तेव्हा ती जुनी फट तशीच होती. आज एखादा जण संगणकावर महिनोन्‌महिने जीटीओचं इंजिन उभं करतो, दुसरा कुणीतरी बनवलेली फाइल उतरवून रात्रीत छापतो, आणि टेबलावर दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात. काही स्पर्धांनी प्रिंट केलेल्या मोटारींना वेगळा गट दिला, काहींनी प्रिंट केलेल्या भागांच्या टक्केवारीची अट घातली, काहींनी सगळं परीक्षकांवर सोडलं. वेगळा गट मला सर्वांत चुकीचा वाटतो. त्यात फाइल स्वतः काढणारा आणि उतरवून घेणारा पुन्हा एकाच रांगेत उभे राहतात.

लेझर स्कॅनिंगने पुढचा पेच आणला आहे. स्कॅन आज उभी असलेली गाडी मोजतो, म्हणजे साठ वर्षांच्या दुरुस्त्यांसकट. १९६२ च्या शर्यतीत उतरलेली गाडी करायची असेल तर स्कॅन हाताशी असूनही जुने फोटो पुन्हा बाहेर काढावे लागतात, आणि कुठली कमान नंतर ठोकली हे एकेक करून ठरवावं लागतं. म्हणूनच काही परीक्षक आता मॉडेलसोबत कामाची वही मागू लागले आहेत : मापं, छेद, अर्धवट भागांचे फोटो, टाकून दिलेले नमुने.