हाताच्या सुजेवरची गोळी आणि कौमारिनचा घोळ

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की काही बायकांच्या हाताला सूज येते आणि ती जात नाही. बांगडी चढत नाही, ब्लाउजची एकच बाही उसवून घ्यावी लागते. घट्ट पट्ट्या, मसाज आणि इलॅस्टिक बाही हे रोजचं, जन्मभराचं काम होऊन बसतं. म्हणूनच गोळीची आशा कधी सुटली नाही. लघवी वाढवणारी गोळी इथे कामाची नाही, कारण पाणी निघालं तरी ऊतींत साचलेली प्रथिनं तिथेच राहतात.

ती प्रथिनं मॅक्रोफेज, म्हणजे ऊतींतला कचरा गिळणाऱ्या पेशींकडून तोडून घ्यावीत, या कल्पनेतून कौमारिन आलं. नावापासूनच इथे गोंधळ आहे. कौमारिन म्हणताच अनेकांना रक्त पातळ करणारी गोळी आठवते. ती वॉरफरिन, याच रासायनिक घराण्यातली. साधं कौमारिन रक्त पातळ करत नाही. कॅशिया दालचिनीत, ताज्या कापलेल्या गवताच्या वासात ते असतं. स्वीट क्लोव्हर हा चारा कुजला, की बुरशी त्यातल्या कौमारिनचं डायकौमारॉल करते, आणि ते मात्र रक्त पातळ करतं. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत असा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मेली आणि त्याच शोधातून पुढे वॉरफरिन निघालं. त्यामुळे ‘रक्तस्राव होईल’ ही या गोळीबद्दलची भीती चुकीच्या जागी होती. खरा धोका यकृताला होता.

१९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम, सहा महिने दिल्यावर हातातला जादा द्रव सामान्यपेक्षा ४६ टक्के होता तो २६ टक्क्यांवर आल्याचं छापून आलं. यकृताच्या तक्रारींमुळे १९९६ साली तिथेच औषध मागे घेतलं गेलं. तेव्हा अनुकूल आकडे लोकांसमोर होते, प्रतिकूल यायचे होते. तरीही माझ्या मते निर्णय योग्यच होता. जिवावर न बेतणाऱ्या सुजेसाठी यकृत पणाला लावणं पटत नाही. १९९९ साली अमेरिकेत १४० बायकांवर तीच मात्रा तपासली. प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, जास्त गुण आला नाही आणि ६ टक्के बायकांच्या रक्तात यकृताच्या त्रासाची चिन्हं दिसली.

आता भर दाहावर आहे. २०१८ साली कॅलिफोर्नियातून कीटोप्रोफेन या दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकाचे निष्कर्ष आले. चार महिन्यांत त्वचेची जाडी कमी झाली, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी तिची रचनाही सुधारली. हाताचं घनफळ मात्र घटलं नाही. १९९३ आणि १९९९ या दोन्ही वेळी कस लागला होता तो घनफळावरच.