अस्वल-मानव सहजीवन (विदर्भ)

अस्वल-मानव सहजीवन म्हणजे अस्वलं आणि माणसं एकच जंगल, एकच शिवार वापरतात तिथे दोघांपैकी कुणालाही इजा होऊ नये म्हणून केलेले उपाय आणि पाळलेल्या सवयी. भारतात अस्वलाच्या चार जाती आहेत, पण महाराष्ट्रात सापडतं ते एकच, लांब केसांचं, छातीवर पांढरट व्ही आकाराचा पट्टा असलेलं काळं अस्वल. जगातली या जातीची बहुतेक सगळी अस्वलं भारतातच आहेत, उरलेली श्रीलंका आणि नेपाळमध्ये. महाराष्ट्रात मुख्य पट्टा विदर्भाचा: मेळघाट, बुलडाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य (साधारण २०५ चौ. किमी, अस्वलांसाठीच प्रसिद्ध), ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वल आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तरी वाघाबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या पावपटही अस्वलाबद्दल बोललं जात नाही आणि गावात जखमी होणारी माणसं मात्र अस्वलामुळे भरपूर असतात.

हल्ला का होतो

अस्वल माणसाला खायला येत नाही हे आधी नीट समजून घ्यायला हवं. त्याचं खाणं म्हणजे वाळवी, मुंग्या, मध आणि फळं: बोरं, जांभळं, उंबर, टेंभरं, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुलं. वारूळ फोडायला लांब नखं आहेत, वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं आणि तो फुसफुस आवाज बराच लांब ऐकू येतो. पण या कामात डोकं खाली गेलेलं असतं, नजर आणि कान तसे कमजोर, वारा उलटा असेल तर माणसाचा वासही येत नाही, आणि मग माणूस एकदम आठ-दहा पावलांवर येऊन उभा राहतो. हे जनावर वाघाच्या शेजारी राहून घडलेलं आहे, पळून जीव वाचवण्यापेक्षा आधी अंगावर धावून जायचं हीच त्याची सवय, आणि पाठीवर पिल्लं बसलेली मादी असेल तर ती अजिबात मागे हटत नाही. उभं राहून वार करतं म्हणून जखमा चेहरा, डोकं आणि हातांना होतात. जीव वाचला तरी डोळा जातो, जबडा जातो, माणूस पुढे लग्नाकार्यात जायचं सोडून देतो. हे नुकसान कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मोहाचा हंगाम

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत, गुरं आणि हरणं यायच्या आत वेचायची म्हणून बाया-पोरं अंधारातच टोपली घेऊन निघतात, आणि अस्वलही त्याच झाडाखाली त्याच वेळेला येतं, कारण मोह त्यालाही तेवढाच आवडतो. वेचणारा माणूस वाकलेला असतो, अस्वलही वाकलेलं, मध्ये एखादी घाणेरीची जाळी, झालं. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता (विडीसाठीची पानं तोडण्याचा हंगाम) सुरू होतो आणि पुन्हा तेच. म्हणून "जंगलात जाऊ नका" हा सल्ला इथे कामाचा नाही, ज्याचं वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांवर चालतं त्याला तो सांगणं म्हणजे अन्यायच आहे.

खरा फरक पडतो तो वेळ आणि आवाज यांनी. नीट उजाडल्यावर जायचं, चार-पाच जणांनी मिळून जायचं, बोलत, खाकरत, काठी आपटत जायचं. गुजरातमध्ये वरती घंटी बांधलेली काठी लोकांना दिली गेली, कल्पना साधीच आहे, तुम्ही येताय हे अस्वलाला लांबूनच कळलं पाहिजे, कळलं की ते बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतं. दुसरा चांगला उपाय म्हणजे मोहाच्या झाडाखाली जाळी बांधणं: फुलं जाळीत पडतात, स्वच्छ राहतात, पहाटेपासून वाकून वेचत बसावं लागत नाही आणि फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची गरज पडत नाही. पाला पेटवल्यानेच उन्हाळ्यात कितीतरी वणवे लागतात आणि अस्वलाचं खाणं जळालं की ते गावाकडे सरकतं.

सोबत कुत्रा नेणं ही गावोगावची सवय आहे आणि ती घातक आहे. कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल मागे लागलं की शेपूट घालून थेट मालकाकडे पळत येतो आणि अस्वल त्याच्या मागोमाग. झाडावर चढायचा सल्लाही चुकीचा, पोळं काढायला ते सरसर चढतं. लांबून दिसलं तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरायचं, पळायचं नाही. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे घट्ट धरायचे, म्हणजे चेहरा आणि मान वाचते. वाटेवर ताजं उकरलेलं वारूळ किंवा बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर तिथून वळून दुसऱ्या वाटेने जायचं, हे जुनी माणसं पोरांना शिकवायची, आता ते शाळेतच शिकवायला हवं.

गाव आणि शेत

अस्वल गावात शिरलं की पब्लिक मोबाईल काढून मागे धावते आणि बरेच अपघात तिथेच घडतात. गर्दी हटवणं हे वनखात्याच्या रेस्क्यू टीमचं पहिलं काम होऊन बसतं. बिनकठड्याच्या विहिरीत अस्वलं पडतात, आत शिडी सोडून सगळे लांब गेले की बरेचदा ते आपलं आपण चढून निघून जातं, पण मुळात कठडा बांधणं हाच स्वस्त इलाज. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट बेकायदेशीर आहे आणि त्यात अस्वलंही मरतात. देवळाजवळ अस्वलाला प्रसाद, बिस्किटं खाऊ घालणं (छत्तीसगडमध्ये काही ठिकाणी चालतं) लोकं भक्तीने करतात, भावना खरी असते, पण त्याने अस्वलाची माणसाबद्दलची भीती मोडते आणि पुढचा हल्ला ओढवून घेतला जातो.

हल्ल्यात मृत्यू झाला तर महाराष्ट्र सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं, जखमींनाही मदत आहे. वनखात्याला लगेच कळवणं, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवणं यावर ती मदत किती लवकर मिळते ते ठरतं. मदत वेळेवर मिळालेल्या घरात अस्वलाबद्दलचा राग कमी असतो, रखडली की पुढच्या अस्वलावर विषप्रयोग व्हायची भीती असते.

एक मुद्दा मात्र जंगलाच्या चर्चेत येतच नाही, तो म्हणजे वीज. कृषिपंपांना रात्रपाळीत वीज असली की शेतकऱ्याला मध्यरात्री हरभऱ्याला पाणी द्यायला एकट्याने बांधावर जावं लागतं, ऐन अस्वल फिरायच्या वेळेला. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जंगलाला लागून असलेल्या गावांचे फिडर (शेतीला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या) त्यात सगळ्यात आधी घ्यायला हवेत.