राखणारा कुत्रा आणि वळणारा कुत्रा: मेंढपाळांच्या श्वानजातींची पार्श्वभूमी

मेंढ्या राखणे आणि मेंढ्या वळणे हे शब्द आपण बोलताना अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही दोन कामे एकमेकांपासून फार दूरची आहेत. पावसाळा सरल्यावर देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर जो कुत्रा असतो, तो राखणारा. दिवसा कळप चालतो तो माणसाच्या हाळीवर आणि काठीवर. कुत्र्याचे खरे काम सुरू होते ते रात्री, मेंढ्या जाळीच्या वाघरीत कोंडल्यावर, कारण दख्खनच्या माळरानावर लांडगा आजही आहे. खंडोबाच्या तसबिरीत घोड्यासोबत कुत्रा दिसतो, त्यामागेही राखणीचे हेच नाते असावे, असे मला वाटते. याउलट चित्रफितींमुळे आपल्या ओळखीचा झालेला काळा-पांढरा बॉर्डर कॉली, जो मेंढीपेक्षा लहान असूनही अख्खा कळप नुसत्या नजरेने मागे सारतो, तो वळणारा. हे दोन कुत्रे वेगळे का झाले, याचे उत्तर जातींच्या वंशावळीत कमी आणि लांडग्याच्या इतिहासात अधिक सापडते.

दोघांमध्ये राखणारा जुना. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर लिहिताना रोमन पंडित वारो याने मेंढपाळाच्या कुत्र्याला घालायच्या पट्ट्याचे वर्णन केले आहे. जाड चामड्याच्या पट्ट्यातून खिळे आरपार बाहेर काढायचे आणि त्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ कातड्याचे अस्तर शिवायचे, असे तो सांगतो. असा पट्टा घातलेल्या एका कुत्र्याने लांडग्याला एकदा जखमी केले, की पट्टा नसलेले बाकीचे कुत्रेही सुरक्षित होतात, हे त्याचे निरीक्षण आहे. ज्याने ते लिहिले त्याने कळपाशेजारी रात्री काढल्या असाव्यात. त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोलुमेला या दुसऱ्या रोमन लेखकाने मेंढपाळाने पांढरा कुत्रा निवडावा असे सुचवले, कारण पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर घाव पडण्याचा धोका असतो. इटलीचा मारेम्मा आणि फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनीज हे राखणदार आजही पांढरेच आहेत. स्पेनमध्ये १२७३ साली राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला सनद दिली. तिच्या छत्राखाली उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर चालणाऱ्या मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या कळपांबरोबर दांडगे मास्टिफ कुत्रे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून चालत. तुर्कस्तानचा कंगाल, हंगेरीचा कोमोंडोर आणि जम्मू-काश्मिरातील बकरवालांचा कुत्रा हे याच कामाचे. त्यांच्यापैकी कोणाकडूनही मेंढ्या वळवून आणण्याची अपेक्षा नसते. कळपात मिसळून राहावे आणि परके काही जवळ आले तर पुढे व्हावे, एवढेच त्यांच्याकडून हवे असते.

हे मिसळणे घडवावे लागते. ते कसे घडते, याचे बारकाईचे वर्णन चार्ल्स डार्विन याने केले आहे. १८३३ साली आजच्या उरुग्वेमध्ये फिरताना त्याला मैलोन्‌मैल माणूस नसलेल्या जागी एक-दोन कुत्र्यांच्या राखणीत चरणारे मोठे कळप दिसले. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून तोडायचे, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिच्या अंगावर पाजायचे, मेंढवाड्यातच लोकरीचे घरटे करून त्यात झोपवायचे आणि दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत मिसळू द्यायचे नाही, अशी तिथली रीत होती. असा वाढलेला कुत्रा मेंढ्यांनाच आपले गोत मानतो आणि त्यांच्यासाठी इतर कुत्र्यांवरही उलटतो.

वळणाऱ्या कुत्र्याची गोष्ट प्रामुख्याने ब्रिटनमध्ये घडली, आणि तिचे कारण तिथे लांडगा उरला नाही हे आहे. सोळाव्या शतकापर्यंत इंग्लंडातून लांडगे जवळजवळ नाहीसे झाले होते. १५७० साली जॉन कीज या वैद्याने इंग्लंडमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे लांडगे नसल्यामुळे मेंढपाळाचा कुत्रा धिप्पाड किंवा उग्र असण्याची गरज नाही, असे त्यात त्याने नोंदवले आहे. धन्याचा आवाज, मुठीची हालचाल किंवा तीव्र शीळ एवढ्यावर हा कुत्रा भटकलेल्या मेंढ्या हव्या त्या जागी आणतो. इतर देशांत मेंढ्या मेंढपाळाच्या मागून चालतात, इंग्लंडात मात्र मेंढपाळ मेंढ्यांच्या मागून चालतो, असेही तो लिहितो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे, कारण मागून चालणाऱ्या माणसाला पुढे धावणारा हात लागतो, आणि तो हात म्हणजे हा कुत्रा.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत मेंढ्या कुंपणाशिवाय मोकळ्या चरतात, त्यामुळे त्या गोळा करण्याच्या कौशल्याला तिथे मोल आले. ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला येथे रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने अशा कुत्र्यांची स्पर्धा भरवली. ब्रिटनमधील ही पहिली नोंदलेली स्पर्धा मानतात. दहा कुत्रे उतरले आणि वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसाचा ट्वीड नावाचा कुत्रा जिंकला. पुढे १८९३ च्या सप्टेंबरात उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेलफर यांच्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, आई मेग काहीशी बुजरी पण नजरेची फार तेज. दोघांचे गुण हेम्पमध्ये असे जुळले, की तो भुंकल्या-चावल्याशिवाय मेंढ्या हलवी. १९०१ मध्ये मरेपर्यंत त्याची दोनशेच्या आसपास पिल्ले झाली आणि आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कॉली आपले मूळ त्याच्याकडे नेतात. मेंढपाळ कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९०६ साली स्थापन झाली. ‘बॉर्डर कॉली’ हे नाव तिच्या नोंदींत आले ते १९१५ च्या सुमारास. म्हणजे काम शतकांचे, नाव मात्र कालपरवाचे.

या कुत्र्याचे काम जवळून पाहिले तर त्यात धावण्याइतकेच थांबणेही असते. मालकाच्या पायाशी बसलेला कुत्रा शिळेसरशी सुटतो, पण मेंढ्यांवर सरळ जात नाही. नासपतीच्या आकाराचे मोठे वळण घेऊन त्यांच्या पलीकडे पोहोचतो, कारण सरळ गेला तर कळप फुटेल. तिथे तो मान खाली घालतो, पुढचा एक पाय उचललेलाच ठेवतो आणि टक लावून बघतो. मेंढ्या त्याला पाहतात, वळतात आणि माणसाकडे चालू लागतात. हे हलणे जितके संथ, तितका कुत्रा चांगला, असे जाणकार मानतात.

जर्मनीत प्रश्न वेगळा होता. तिथे मेंढ्या डोंगरावर विखुरलेल्या नसून उभ्या पिकांच्या मधल्या चिंचोळ्या गवतपट्ट्यांत शेकड्यांनी चरत, त्यामुळे त्यांना गोळा करण्यापेक्षा शेतात घुसू न देणे महत्त्वाचे होते. कुत्रा गवताच्या कडेने, बहुधा नांगराच्या तासातून, दिवसभर येरझाऱ्या घालून जिवंत कुंपण होत असे. माक्स फॉन श्टेफानिट्झ या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ मध्ये कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात असाच एक कुत्रा पाहून विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच वर्षी जर्मन शेफर्डची संस्था उभी केली. कळप घटू लागल्यावर त्यानेच या जातीला पोलीस आणि लष्कराच्या कामाकडे वळवले. आज महाराष्ट्राच्या गावागावांत फाटकामागे बांधलेला ‘अल्सेशियन’, म्हणजे हाच जर्मन शेफर्ड, मुळात मेंढ्यांच्या कडेने चालणारा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

स्कॉटलंडहून निघालेल्या मेंढपाळांबरोबर त्यांचे कुत्रेही समुद्रापार गेले. ऑस्ट्रेलियात १८७० च्या दशकात जॅक ग्लीसन यांच्या केल्पी या कुत्रीच्या नावाने एक जात उभी राहिली. तिचे कुत्रे उष्मा सोसतात आणि कोंडवाड्याच्या अरुंद वाटेत मेंढ्या अडल्या, की सरळ त्यांच्या पाठींवरून धावत पुढे जातात. न्यूझीलंडच्या उंच कुरणांवर नजरेचा कुत्रा दुरून पुरा पडत नाही, म्हणून तिथे मोठ्या आवाजात भुंकून कळप डोंगरावर ढकलणारा हंटअवे तयार झाला. टेकापो तलावाकाठी १९६८ साली उभारलेला कुत्र्याचा कांस्यपुतळा तिथल्या मेंढपाळांनी या सोबत्यांचे ऋण मानले याची खूण आहे.

हे दोन स्वभाव एकाच प्राण्यात कसे आले, याचा उलगडा अमेरिकन अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या क्रमातून केला. लांडगा भक्ष्य हेरतो, टक लावतो, दबकत जातो, पाठलाग करतो, धरतो आणि मारतो. वळणाऱ्या कुत्र्यात यातल्या आरंभीच्या पायऱ्या निवडीने तीव्र झाल्या आणि शेवटच्या दबल्या. राखणाऱ्यात हा क्रम फारसा जागाच होत नाही. म्हणून बॉर्डर कॉलीला कळपात एकटे सोडता येत नाही, आणि मारेम्माला शिळेवर मेंढ्या आणायला पाठवता येत नाही.

फ्रान्समध्ये विसाव्या शतकात लांडगे संपल्यावर आल्प्समधल्या मेंढपाळांना राखणारे कुत्रे अनावश्यक झाले होते. १९९२ साली आल्प्समधल्या मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात इटलीकडून आलेले दोन लांडगे दिसले, आणि त्यानंतर पांढरे पिरेनीज कुत्रे पुन्हा कळपांत वाढवले जाऊ लागले. आता तिथल्या वरच्या कुरणांवर एकाच मेंढपाळाजवळ दोन्ही कुत्रे दिसतात. बॉर्डर कॉली संध्याकाळी मेंढ्या वळवून गोठाणावर आणतो आणि माणसाबरोबर झोपडीत शिरतो. पांढरा कुत्रा मेंढ्यांमध्येच राहतो, आणि रात्र पडली की उठून कळपाभोवती फिरू लागतो.