ऊसतोड स्थलांतर आणि कल्याणयोजना (सांगली जिल्हा)

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातील विजयपूर भागातून ऊसतोड मजूर सांगली जिल्ह्यात येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परततात. या काळात त्यांचे रेशन, मुलांची शाळा आणि दवाखाना कोणी पाहायचा, यावरचा वाद हा या नोंदीचा विषय. बाहेरून आलेल्यांना सरकारी लाभ द्यावा का, हा प्रश्न इतरत्र देशांच्या सीमांवरून पेटतो. अमेरिकेने 1996 च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांनाही केंद्राची बरीचशी मदत पहिली पाच वर्षे बंद केली. भारतात घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने देशात कोठेही जाण्या-राहण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे वाळवा किंवा पलूस तालुक्याच्या वेशीवर मजुराला कोणी अडवत नाही. अडवतात ते कागद.

तोडीचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी ‘उचल’ (आगाऊ रक्कम) देतो, टोळी जमवतो आणि ती कारखान्याच्या हद्दीत आणून सोडतो. रानात किंवा कारखान्याच्या तळावर खोपी पडतात. पहाटे फडात जायचे, ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, वाहन भरून द्यायचे. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे हाच रोजचा वरखर्च. उचल मजुरीतून वळती होत राहते.

कायद्याची गंमत अशी की 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच लागू होता. विजयपूरहून सीमेलगतच्या जत तालुक्यातून आलेला मजूर त्यात बसे. त्याच्याहून कितीतरी लांबून, बीडहून आलेला बसत नसे. पुढे तो 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेला, तरी राज्याच्या रेषेला महत्त्व राहिलेच. राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि सरकारकडून तितकीच भर, असे ठरले. पण मजुराची नोंद करून ओळखपत्र द्यायचे ते त्याच्या मूळ गावच्या ग्रामसेवकाने. संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहेही गावाकडच्याच तालुक्यांत. मुले आईबापांमागे फरफटू नयेत म्हणून ते योग्यच आहे. मात्र खोपीतल्या तान्ह्याला त्याचा उपयोग नाही.

सर्वांत जास्त वाद रेशनवर. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (2013) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, आणि ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळे ते कोणत्याही दुकानातून घेता येते. घरच्यांनी गावाकडे काही धान्य उचलले, तर उरलेले इकडे घेता येते. नियम सरळ आहे. प्रत्यक्षात पाचटाने आणि कोयत्याने घासलेला अंगठा मशीन ओळखत नाही, आधार जोडलेले नसते, आणि दुकान उघडे असते त्या वेळी माणूस फडात असतो. दुकानदार म्हणतो, माझा कोटा गावापुरता. यांना दिले तर गावचे कार्डधारक माझ्या दारात बसतील. ही अडचण खोटी नाही. पण ती कोट्याच्या नियोजनाची आहे, मजुराच्या हावरेपणाची नव्हे. बाहेरचे येऊन आमचे खातात, ही तक्रार निदान या जिल्ह्यात उलटी पडते, कारण आलेल्यांतले अनेक जण आपल्या हक्काचेही गावाकडेच ठेवून येतात.

शेतकऱ्याची खरी तक्रार वेगळीच आहे. कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून लाखोंची उचल घेऊन टोळी न आणणारे मुकादम, आणि तोडीसाठी ठरल्यापेक्षा वर पैशांत मागितली जाणारी ‘खुशाली’. गंडा घालतो एखादा मुकादम, राग निघतो तो सगळ्या खोपींवर. शाळेच्या बाबतीत 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचून प्रवेश दिला जातो. कारखान्यांवरच्या साखरशाळा (मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळा) मागे पडल्या, आणि फडापासून गावची शाळा लांब पडली की पोर पुन्हा पाचटातच.

याच जिल्ह्यातले लोकही बाहेर जातात. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या शहरांत आहेत. तिथे परके ठरतात ते सांगलीकर.

जत तालुक्यात हा वाद वेगळे रूप घेतो. पूर्व भागातील दुष्काळी गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्यांचाच आधार घेऊन नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तालुक्यातील 40 गावांवर दावा सांगितला. माणसे हलण्याऐवजी सीमाच हलवण्याची ही मागणी. त्यानंतर या गावांना पाणी देणाऱ्या म्हैसाळ विस्तारित योजनेला गती आली. जतमधलेही अनेक जण तोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. जिल्हा तोच, राज्य तेच, तरी रेशनच्या मशीनपुढे त्यांचाही अंगठा उमटतोच असे नाही.