खऱ्या गुन्ह्यावरची रहस्यकादंबरी आणि खऱ्या गुन्ह्याची सत्यकथा

एखाद्या जुन्या खुनावर बेतलेली रहस्यकादंबरी आणि त्याच खुनाची सत्यकथा ही दोन पुस्तके दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असतात, दोन्हींच्या वेष्टनावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असे छापलेले असते आणि वाचकही पुष्कळदा ती एकाच अपेक्षेने उचलतो. एकीत खरे जास्त आणि दुसरीत कमी, एवढाच फरक सहसा मानला जातो. तो पुरेसा नाही, कारण चांगल्या कादंबरीतले काळाचे तपशील एखाद्या सत्यकथेपेक्षाही चोख असू शकतात. कागदपत्रे जिथे गप्प होतात तिथे लेखक काय करतो, यावरून या दोन वाटा वेगळ्या होतात.

कोल्हापूरकरांना जवळचे उदाहरण चौथ्या शिवाजी महाराजांच्या मृत्यूचे आहे. १८७१ मध्ये दत्तक आलेल्या या अल्पवयीन छत्रपतींना पुढे वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, अवघ्या विशीत, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. पहिला हात कोणी उचलला, हे सांगायला महाराज उरले नाहीत आणि जो उरला त्याच्या सांगण्यात त्याचा स्वतःचा बचाव गुंतलेला होता. कादंबरीकार येथे सरळ खोलीत शिरतो. तो एखादा विश्वासू हुजऱ्या निर्माण करील, त्याच्या हाती गुपचूप बाहेर जाणारी चिठ्ठी देईल, ग्रीनचे नाव बदलून त्याला एखादा भूतकाळ चिकटवील. मात्र शेवटी उलगडा करणे त्याला भाग आहे आणि त्या उलगड्याचे धागे आधीच्या प्रकरणांत पेरलेले नसले तर वाचक त्याला माफ करणार नाही. सत्यकथाकाराला उंबऱ्याबाहेरच थांबावे लागते. ‘त्या रात्री महाराजांना झोप लागली नाही’ हे साधे वाक्यसुद्धा कोणाच्या तरी लेखी नोंदीवाचून त्याला लिहिता येत नाही. कोण काय म्हणाले, कधी म्हणाले आणि तेव्हा ते कोणाच्या चाकरीत होते, एवढे मांडून स्वतःचा तर्क त्याने तर्क म्हणूनच सांगायचा असतो.

कागद हाती आला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. याच प्रकरणात महाराजांचा छळ होत असल्याची ओरड झाली, तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या पत्रांच्या आधारे त्यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट निघाली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात प्रत्यक्ष काढलेल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. दोघांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण सत्यकथाकाराने डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. कागद कोणाकडून आला, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होता, त्याच दिवसांतल्या दुसऱ्या दप्तरात त्याचा मागमूस लागतो का, हे त्याला आधी तपासावे लागते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसायचे तर मोडी वाचता येणे आलेच; लिप्यंतरावर विसंबणारा लेखक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. कादंबरीकाराला मात्र बनावट पत्रासारखे दुसरे घबाड नाही, कारण ते कोणी लिहिले या प्रश्नावरच सबंध कथानक उभे राहू शकते.

अलीकडच्या खटल्यांत कागद भरपूर मिळतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा, दाराची कडी आतून होती की बाहेरून, रक्ताचा डाग उंबऱ्यापासून किती अंतरावर होता, असे तपशील असतात आणि दोन्ही प्रकारच्या लेखकांनी ते जरूर उचलावेत. फिर्याद ही एका बाजूची हकिकत असते. पोलिसांपुढची कबुली तर आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही, तरी वर्तमानपत्रात मथळा तिचाच होतो आणि तो मथळा पुढे सत्यकथेत ‘त्याने गुन्हा कबूल केला’ असा उतरतो. कादंबरीत हीच कबुली चकवा म्हणून शोभते.

योगायोगाचा हिशेब नेमका उलटा आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांच्यासोबत असलेल्या मुमताज बेगमला ओढून नेण्याचा प्रयत्न चालू असतानाच गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी तेथे आले आणि बेत फसला. हे कादंबरीत लिहिले तर लेखकाने सोय करून घेतली असे वाचक म्हणेल.

शेवटही सत्यकथाकाराच्या हाती नसतो. बालकांच्या अपहरणाच्या आणि हत्यांच्या गावित प्रकरणात कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली आणि दयेच्या अर्जावरील दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. मधल्या काळात फाशीवर संपवलेले पुस्तक त्यामुळे जुने ठरले. या दोघींची आई १९९७ मध्ये कोठडीत असतानाच मरण पावली. कादंबरीकाराने तिला शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत ठेवले असते, सत्यकथाकाराला मात्र तिच्यामागे ‘दोषी’ हा शब्द लावता येत नाही, कारण तिच्यावरचे आरोप निकालापर्यंत पोहोचलेच नाहीत.

कायद्याच्या बाजूने, ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणातील १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक अभिलेखावर आधारित मजकूर संमतीवाचून छापता येतो असे सांगितले. त्यापलीकडचे खासगी आयुष्य लिहायचे तर संमती लागते आणि लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीने कादंबरीकाराची सुटका होतेच असे नाही. नाव बदलले तरी पेठेतल्या माणसांना घर ओळखू येते, आणि नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामीही कायद्याने गुन्हाच आहे. त्यामुळे कादंबरीच्या शेवटी कोणते पात्र आणि कोणता प्रसंग रचलेला आहे हे पानभर टिपणात सांगून टाकावे. सत्यकथेत तशा टिपणाची गरज पडत असेल, तर ती रचलेली पाने पुस्तकातून काढावीत.